अंगातला झटका आणि यंत्रातला झटका

थंडीच्या कोरड्या दिवसांत लोकरी बंडी काढताना तडतड होते; दाराच्या लोखंडी कडीला बोट लावताच झटका बसतो. पुष्कळांना वाटते, दारात वीज उतरली. वास्तविक ती वीज दाराची नसते, आपलीच असते. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना घासून वेगळे झाले की एकाचे विद्युत्कण दुसऱ्यावर जातात. दमट हवेत हा साठा ओसरून जातो. कोरड्या हवेत, रबरी पायताण असेल तर, तो अंगावरच राहतो आणि धातू जवळ येताच ठिणगी होऊन उडी घेतो. दाब काही हजार व्होल्टांचा, पण साठा अत्यल्प. म्हणून माणूस दचकतो, दगावत नाही. पेट्रोलच्या वाफेजवळ मात्र तीच ठिणगी आग लावू शकते.

आम्ही गिरणीकामगारांत वावरलो. कोरड्या हवेत सुताचे तंतू याच विजेने विस्कटतात, धागाही तुटतो. म्हणून साचेखात्यात हवा दमट ठेवतात. अशा ठिकाणी घर्षणाचा झटका विरळाच. तेव्हा तेथे यंत्राला हात लावताच दर वेळी मुंग्या येत असतील, तर तारेचे वेष्टन झिजून प्रवाह सांगाड्यात उतरला आहे असे समजावे. २३० व्होल्टांचा तो प्रवाह आपोआप संपत नाही. घामाने ओल्या हाताला तो प्राणघातक ठरतो.

एकदाच बसलेला झटका हसण्यावारी न्यावा. पुन्हा पुन्हा बसणाऱ्या झटक्याला कोणी 'चालायचेच' म्हटले, तर ऐकू नये. यंत्र बंद करवावे, अर्थिंग तपासून घ्यावे, मगच कामाला हात लावावा.