शक्तिमानाची मोहिनी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील, हें मला ठाऊक आहे. ज्या जागेवरून संतवाङ्मय, कपाशीवरील कीड आणि आरोग्य यांविषयीं बोलावयाचें, तेथून एका मालिकेबद्दल, आणि तीहि मुलांच्या, काय सांगावयाचें? पण जी मालिका साडेसात वर्षें आपल्या घरोघर चालली, आणि जी बंद होऊन वीस वर्षें लोटलीं तरी जिचें नांव काढतांच चाळिशीकडे झुकलेला वकील किंवा कारकून खुर्चींत एकदम सरसावून बसतो, तिचा विचार करणें हें कांहीं पोरकटपणाचें लक्षण नव्हे. शिवाय मी जन्मभर प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. मुलांना काय आवडतें हें पाहणें हा माझ्या धंद्याचाच भाग होता.

'शक्तिमान' ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजीं सुरू झाली आणि २७ मार्च २००५ रोजीं थांबली. निर्मिति आणि मुख्य भूमिका श्री. मुकेश खन्ना यांची, दिग्दर्शन श्री. दिनकर जानी यांचें. कथा थोडक्यांत अशी: कांहीं योगी पुरुषांनीं एका तरुणाची निवड करून योगबलानें त्याच्या शरीरांतील सात चक्रें जागृत केलीं आणि पंचमहाभूतांची शक्ति त्याच्या ठायीं आणली. हा पुरुष संकटसमयीं तांबडा-सोनेरी पोशाख चढवून शक्तिमान होतो. एरवीं तो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नांवानें एका वर्तमानपत्रांत छायाचित्रें काढण्याची नोकरी करतो. चष्मा, पुढें आलेले दांत, भोळसट बोलणें. त्याला कोणी हिंगलून विचारीत नाहीं. त्याच कचेरींत गीता विश्वास नांवाची धीट बातमीदार आहे. प्रतिपक्षीं तमराज किल्विष हा अंधाराचा राजा आणि त्याच्या पदरीं डॉक्टर जैकाल नांवाचा शास्त्रज्ञ. हा जैकाल आपल्या प्रयोगशाळेंत नाना प्रकारचे राक्षस तयार करतो. त्यांत एक तर रोगजंतूंचा माणूसच होता!

येथें एक मौजेची गोष्ट सांगतों. मुकेश खन्ना हे चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेंत भीष्म झाले होते आणि किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे त्याच मालिकेंत द्रोणाचार्य. म्हणजे १९८८ ते १९९० या काळांत जे दोन वृद्ध कौरवांच्या बाजूनें एकत्र लढले, तेच कांहीं वर्षांनीं एकमेकांसमोर उभे ठाकले. आमच्या घरांतील म्हाताऱ्या माणसांनीं हें लगेच ओळखलें आणि त्यामुळें त्यांनाहि मालिकेची गोडी लागली. शक्तिमानाच्या महागुरूंची भूमिका टॉम ऑल्टर यांनीं केली. त्यांचें हिंदी-उर्दू इतकें शुद्ध होतें कीं मुलांनीं त्यांचे उच्चार ऐकावे असें मला वाटे.

आतां खऱ्या प्रश्नाकडे वळूं. ही मालिका आज कोणी पाहिली तर तिचा दरिद्रीपणा पहिल्या पांच मिनिटांत उघडा पडतो. शक्तिमान आकाशांत उडतो तेव्हां त्याच्या अंगाभोंवतीं एक थरथरती कड दिसते. ती कां दिसते हें समजून घेण्याजोगें आहे. नटाला निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढें आडवें करून चित्रण करितात. नंतर यंत्राच्या साह्यानें चित्रांतील तेवढाच रंग पुसून त्या जागीं आकाशाचें दुसरें चित्र बसवितात. त्या वेळच्या दूरचित्रवाणीच्या पद्धतींत चित्राचा उजेड-सांवलीचा भाग बारीक तपशिलानें नोंदला जाई, रंगाचा भाग मात्र बराच ढोबळपणें. मग रंग पाहून कात्री चालवावयाची म्हटल्यावर ती नेमकी कडेवरून जाणार कशी? केसांजवळ आणि बोटांजवळ पडद्याचा थोडा रंग उरतोच. स्वस्त साधनांनीं आणि घाईनें काम केलें म्हणजे तो अधिक उरतो.

परंतु १९९७ सालीं अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या घरांत हें दिसत होतें काय? बहुतेक ठिकाणीं नाहीं. किती तरी घरांत, आणि खेड्यापाड्यांत तर विशेष, अजून कृष्णधवल संच होते. रंगच नाहीं, तर रंगाची उरलेली कड कोठून दिसणार? त्यांतून छपरावरील अँटेना वाऱ्यानें फिरली कीं पडद्यावर मुंग्या येत. मग एक मुलगा वर चढून ती फिरवी, दुसरा खालून ओरडून 'आलं, आलं, आतां गेलं' असें सांगे. वीज नसेल तर कोठें कोठें ट्रॅक्टरची बॅटरी काढून संच चालवीत. पुढें रविवारची दुपार ही मालिकेची ठरलेली वेळ झाली, आणि आपल्याकडील वैशाखांतल्या दुपारीं मूल घरांतच डांबलेलें असतें. अशा अंधुक, मुंग्यांनीं भरलेल्या चित्रांतून दिसणारा शक्तिमान हा अर्धा पडद्यावर आणि अर्धा पाहणाराच्या मनांत असे. त्याचा पोशाख तांबडा आहे हें कित्येक मुलांना वह्यांच्या वेष्टनांवरून आणि चिकटचित्रांवरूनच कळलें.

तथापि केवळ दोष झांकले गेले म्हणून मालिका टिकली, असें म्हणणें अपुरें होईल. दोष दिसले असते तरी आपल्या लोकांनीं तें मनावर घेतलें नसतें. दारीं पोलिसाच्या वेषांत बहुरूपी येतो आणि अटकेचा हुकूम वाचून दाखवितो. तो बहुरूपी आहे हें घरांतल्या लहानाला सुद्धां ठाऊक असतें. तरी लहान मूल आईच्या पदराआड लपतें आणि आई हंसत हंसत पसाभर ज्वारी घालते. आपल्या विदर्भांतल्या दंडारींत मिशी असलेला गडी लुगडें नेसून राणी होतो. प्रेक्षक मिशीकडे पाहत नाहीं, राणीचें गाऱ्हाणें ऐकतो. सोंग हें सोंग आहे हें जाणून त्यांत रमणें ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. शक्तिमानाची कड दिसली काय आणि न दिसली काय!

ही गोष्ट आपल्याच देशाची आहे असेंहि नाहीं. इंग्लंडांत बीबीसीनें २३ नोव्हेंबर १९६३ पासून 'डॉक्टर हू' नांवाची मालिका दाखविण्यास प्रारंभ केला. तिच्यांतील कालप्रवासाचें यान प्रत्येक ठिकाणीं नवें रूप घेईल अशी मूळ कल्पना होती. पण दर वेळीं नवें यान बनविण्यास पैसा कोठला? म्हणून तें बिघडून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोलीच्या रूपांतच अडकलें, असें कथेंतच सांगून टाकलें. तिच्यांतील डॅलेक नामक भयंकर शत्रूंचा एक हात म्हणजे मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी दट्ट्या. अमेरिकेंतील 'स्टार ट्रेक' ही १९६६ ते १९६९ पर्यंत चाललेली मालिका, जी आपल्या दूरदर्शननेंहि पुढें दाखविली, तिची कथा अशीच. दर आठवड्यास यान ग्रहावर उतरवून दाखविणें परवडेना, म्हणून माणसांना किरणांनीं विरघळवून खालीं प्रकट करण्याची युक्ति निघाली, आणि तीच पुढें जगप्रसिद्ध झाली. या दोन्ही मालिकांवर लोकांचें प्रेम अद्याप कायम आहे. टंचाईंतून सुचलेली युक्ति लोकांच्या ध्यानांत राहिली; त्याच काळांतील किती तरी खर्चिक देखावे विसरले गेले.

कोणी म्हणेल, यांत विशेष तें काय, प्रत्येकाला आपलें बालपण गोड वाटतें. मला हें उत्तर पटत नाहीं. बालपण गोड म्हणून आवडलें असतें तर त्या वेळचें सगळेंच आवडलें असतें. १९९८ सालीं श्री. केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका आली. तिच्यांत बाविसाव्या शतकाचें चित्र होतें, अवकाशयानें होतीं, यंत्रांची करामत अधिक सफाईदार होती. माझ्याच विद्यार्थ्यांना विचारलें तर तिचें नांव दहांतील दोघांना आठवतें, आणि शक्तिमान दहांनाहि. फरक असा कीं व्योमासारखें होण्यास यान पाहिजे, शक्तिमान होण्यास कांहींच नको. एक बोट आकाशाकडे करून भोंवऱ्याप्रमाणें गिरक्या घेतल्या कीं झालें! फार तर आजीचें जुनें लुगडें गळ्याभोंवतीं. जें खेळतां येतें तें मूल विसरत नाहीं. मधल्या सुट्टींत आमच्या शाळेच्या पटांगणांत तीस-चाळीस पोट्टे एकाच वेळीं गरगर फिरत असत, आणि गंगाधर होण्यास मात्र कोणी तयार नसे. तें काम नेहमीं नव्यानें शाळेंत आलेल्या मुलाच्या वांट्यास येई.

आणि नेमका येथेंच या मालिकेचा धोकाहि होता. १९९८-९९ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून बातम्या येऊं लागल्या कीं कोठें मुलानें उंचावरून उडी घेतली, कोठें स्वतःस जाळून घेतलें, शक्तिमान येऊन वांचवील म्हणून. त्यांतील कांहीं बातम्यांचें निर्मात्यांनीं खंडन केलें. पुढें मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन माझें अनुकरण करूं नका, असें मुलांना बजावूं लागले. इतर ठिकाणचें खरें-खोटें मी ठरवूं शकत नाहीं. माझ्या वर्गांतील एक मुलगा मात्र घराच्या धाब्यावरून खालीं उतरला तो हात मोडूनच. तो शक्तिमानाची वाट पाहत नव्हता. तो स्वतःच शक्तिमान होता.

त्या आठवड्यांत मीं भूगोलाचा तास बाजूस ठेवला. मुलांना म्हटलें, आधीं गिरकी घ्या. सगळीं फिरलीं आणि भिंतीस धरून उभीं राहिलीं. मग सांगितलें कीं आपल्या कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत पाणी असतें. आपण फिरूं लागलों म्हणजे तें पाणी फिरूं लागतें, आपण थांबलों तरी तें लगेच थांबत नाहीं, म्हणून आपणांस जग फिरल्यासारखें वाटतें. नंतर फळ्यावर हिशेब मांडला. दहा फूट उंचीच्या धाब्यावरून पडणारी वस्तु जमिनीस पोंचण्यास सुमारें पाऊण सेकंद लागतो आणि त्या वेळीं तिचा वेग ताशीं सत्तावीस किलोमीटरांच्या आसपास असतो. 'जोरानें सायकल दामटून भिंतीवर आपटा, तेवढाच मार बसेल' असें म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. पाऊण सेकंदांत कोणीहि मदतीस येऊं शकत नाहीं, हें त्यांना मीं कितीहि उपदेश केला असता तरी पटलें नसतें. घड्याळ घेऊन छपरावरून दगड टाकून पाहिल्यावर पटलें. तो हात मोडलेला मुलगा गळ्यांत हात अडकवून वेळ मोजीत होता.

मालिकेविरुद्ध माझी एक तक्रार मात्र कायम आहे. तिच्यांत ज्ञानी तेवढे सारे डोंगरांत आणि दुष्ट तेवढे सारे प्रयोगशाळेंत. योगी ध्यान लावून मनुष्याचें कल्याण करितात. जैकाल परीक्षानळी हातीं धरतो ती विनाशासाठींच. ज्या देशांत मुलांना प्रयोगशाळेचें दार उघडून देण्याची गरज आहे, तेथें त्या दारावर राक्षस बसविणें हें मला रुचलें नाहीं. पण मुलांचें मन विलक्षण असतें. वर्गांत शक्तिमान होणारे पुष्कळ, तरी जैकाल होण्याची हौसहि कमी नव्हती. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जास्वंदीचा रस, लिंबू आणि खाण्याचा सोडा एवढ्या सामग्रीवर त्यांनीं जैकालाची प्रयोगशाळा थाटली. जास्वंदीचा रस लिंबानें लाल आणि सोड्यानें हिरवट होतो, हें त्यांना मीं शिकविलेलें नव्हतें.

भागाच्या शेवटीं मुलांना एखादी चांगली संवय सांगण्याची प्रथा होती: पाण्याचा नळ उघडा ठेवूं नये, रस्त्यांत कचरा टाकूं नये, वगैरे. चुकणारें मूल शक्तिमानाची क्षमा मागे आणि प्रकरण मिटे. हेतु चांगला, पण आपल्या शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगे महाराजांचें कीर्तन ज्यांनीं ऐकलें, त्यांच्याकडून मीं त्या कीर्तनाची रीत ऐकली आहे. महाराज उत्तर सांगतच नसत. ते प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर काढून घेत, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करीत, आणि शेवटीं श्रोता आपल्याच बोलण्यांत सांपडे. त्या मानानें मालिकेंतला उपदेश फारच सोपा. मुलें तेवढ्यांत पाणी पिऊन येत.

२०२० सालीं टाळेबंदी झाली तेव्हां दूरदर्शननें 'रामायण' आणि 'महाभारत' यांबरोबर 'शक्तिमान'हि पुन्हा दाखविला. आतां घरोघर मोठे रंगीत संच. ती थरथरती कड आणि राक्षसांचे पुठ्ठ्याचे मुखवटे स्पष्ट दिसले. ज्यांनीं लहानपणीं अँटेना फिरविली होती ते बाप आपल्या मुलांजवळ बसून तें दाखवीत आणि पोट धरून हंसत. मुलें प्रथम हंसत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं घरांत गिरक्या सुरू होत. फेब्रुवारी २०२२ मध्यें या कथेवर मोठा चित्रपट काढण्याची घोषणा झाली. तो केव्हां निघेल तो निघो. त्यांतला शक्तिमान निर्दोष उडेल यांत मला शंका नाहीं. मला एवढेंच पाहावयाचें आहे, कीं चित्रपटगृहांतून बाहेर पडलेलें मूल रस्त्यावर येतांच बोट वर करून फिरतें कीं नाहीं.