वितळलेल्या लोखंडाची साक्ष

कुंडलिकेच्या एका काठी जुना जालना आणि दुसऱ्या काठी नवीन जालना. एकेकाळी 'सोन्याचा पाळणा' म्हणून वाखाणल्या गेलेल्या या शहराची ओळख आज लोखंडाने अधिक पटते. येथील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडते. भट्टी कोणाचे पूर्वचरित्र विचारीत नाही. मोडका नांगर असो वा मोडीत निघालेले जहाज, एकदा रस झाला की दोघांचे कुळ एकच. म्हणूनच निवृत्त युद्धनौकेच्या अवशेषांचे काय करावे, हा प्रश्न समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालनेकरांनाही परका वाटू नये.

'विक्रांत'चे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. ४ मार्च १९६१ रोजी ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले चढविले. १९९७ साली ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ साली ते दालन बंद झाले. २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयातील दादही व्यर्थ ठरली आणि नौका मोडण्यात आली. जानेवारी २०१६ मध्ये अर्झान खंबाटा यांनी तिच्या धातूतून घडविलेले शिल्प मुंबईत उभे राहिले. पाठोपाठ तिचा धातू वापरल्याचे सांगत बजाज कंपनीने 'व्ही' ही मोटारसायकल बाजारात आणली.

पाश्चात्य देशांत या व्यवहाराला जुनी परंपरा आहे. एकेकाळी नेल्सनची ध्वजनौका असलेली 'फूद्रॉयां' १८९७ साली ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली, तेव्हा तिच्या तांब्याची स्मृतिपदके पाडण्यात आली. पुढे आणखी एक प्रकार रूढ झाला. सागरी युद्धाच्या चित्राच्या मोजक्या प्रती छापावयाच्या, प्रत्येकीस क्रमांक द्यावयाचा, आणि त्याच चौकटीत नौकेच्या लाकडाचा वा धातूचा अस्सल तुकडा बसवून सोबत प्रमाणपत्र द्यावयाचे.

शौर्याचा हा बाजार आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु पुरताही नाही. 'विक्रांत' वाचविण्यास पुढे येणाऱ्यांचे हात अपुरे पडले. मग तिचा एखादा अंश कोणाच्या भिंतीवर राहिला, तर त्यात पाप ते कोणते? ज्याला मुंबई गाठणे परवडत नाही, त्याच्यापर्यंत इतिहासाचा कण या मार्गाने तरी पोहोचतो. खरा प्रश्न विक्रीचा नव्हे, साक्षीचा आहे. डेकची फळी, रिव्हेट किंवा घंटा आपल्या आकाराने, झिजेने आणि खुणांनी काही बोलते. वितळलेला धातू मात्र मुका होतो. त्यानंतर तो 'विक्रांत'चा आहे याला विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे आधार उरत नाही. जालन्यातील कोणताही भट्टीकामगार हे सांगू शकेल.

चित्राचेही तसेच. याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे त्या लढाईची रंगीत मुद्रितचित्रे लंडनमध्ये छापली गेली. ती अर्थातच जेत्यांच्या घरांसाठी होती. चित्र अर्थ सांगते, पण तो चित्रकाराच्या बाजूचा असतो. वस्तू पुरावा देते, पण तिला अर्थ सांगता येत नाही. दोहोंना एकत्र बसविण्याची कल्पना म्हणूनच चांगली आहे. फक्त त्या जोडीला तिसरी गोष्ट हवी, ती म्हणजे प्रामाणिक नोंद. तुकडा नौकेच्या कोणत्या भागातला, केव्हा काढला, कोणाच्या समक्ष काढला, हे लिहिलेले नसेल, तर प्रमाणपत्र हा केवळ छापील कागद होय.

अमेरिकेने पर्ल हार्बर येथे बुडालेल्या 'अॅरिझोना'च्या बाबतीत वेगळी वाट धरली. तिचे काढून ठेवलेले अवशेष शिक्षणसंस्थांना आणि ना-नफा संस्थांना देण्याची मुभा तेथील काँग्रेसने १९९५ साली दिली. आपल्याकडे मात्र 'विक्रांत'नंतर 'विराट'चीही तीच गत झाली. २०१७ साली निवृत्त झालेल्या या नौकेचे सिंधुदुर्गात निवती येथे संग्रहालय करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०१८ साली मान्यता दिली. २०२० साली ती नौका मोडण्यासाठी अलंगच्या किनाऱ्यास लागली.

प्रत्येक नौका जतन करणे परवडणार नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु लिलावाची बोली पुकारण्यापूर्वी शे-दोनशे वस्तू वेगळ्या काढून, नोंदवून, क्रमांक घालून ठेवण्यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एका रिव्हेटसोबत एक चित्र आणि एक पानभर खरी माहिती एवढे जरी जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांना मिळाले, तरी १९७१ चे युद्ध पाठ्यपुस्तकातील चार ओळींतून बाहेर येईल. धनिकांच्या दिवाणखान्यांनी नंतर खुशाल उरलेले विकत घ्यावे.

भट्टीत गेलेली वस्तू परत येत नाही. जे राखावयाचे, ते वितळण्याआधीच बाजूला काढावे लागते. भंगार निवडणाऱ्यांच्या या गावाला हे शहाणपण नवे नाही. राज्यकर्त्यांना ते अजून शिकावयाचे आहे.