बरगड्या मोजणारे बोट

छातीच्या पुढच्या बाजूवर हृदयाची आणि फुप्फुसांची जागा शोधताना पहिली खूण गळ्याच्या खळीची. दोन कॉलरबोनच्या मधली ही खळी डोळ्यांनाही दिसते. तिथून छातीच्या मधल्या हाडावर, म्हणजे उरोस्थीवर, बोट खाली सरकवले की साधारण ५ सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. हा उरोस्थीचा कोन. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी मिळते. आत याच पातळीवर श्वासनलिका दुभंगते. मोजणी इथूनच करायची, कारण पहिली बरगडी कॉलरबोनआड दडलेली असते आणि हाताला लागत नाही.

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात या मोजणीचा रोजचा उपयोग ईसीजी काढताना होतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा सदरा काढला, घाम पुसला, की कोनापासून खाली बोटाने बरगड्या मोजायच्या. दुसऱ्या बरगडीखाली दुसरी फट, अशा क्रमाने चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजव्या कडेला व्ही-१ हा इलेक्ट्रोड आणि डाव्या कडेला व्ही-२. नंतर व्ही-४: कॉलरबोनच्या मध्यातून खाली सोडलेली रेषा पाचव्या फटीला जिथे छेदते तिथे. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ यांच्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४च्याच आडव्या पातळीवर, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. बरगडीच्या वळणामागे वर जायचे नाही.

चूक होते ती बहुधा नजरेच्या अंदाजाने. पहिले दोन इलेक्ट्रोड दुसऱ्या-तिसऱ्या फटीत चिकटतात आणि धडधाकट माणसाच्या ईसीजीच्या पट्टीत हृदयविकाराच्या जुन्या झटक्याचा भास होतो. स्तनाग्र पुरुषांत साधारण चौथ्या फटीवर असते. बायकांत ही खूण मुळीच धरू नये. पदर बाजूला करायला बाई संकोचते, मग इलेक्ट्रोड स्तनाच्या वरच लावून मोकळे होतात. स्त्री कर्मचारी, आडोसा आणि अंगावर चादर एवढ्याने हे टळते. व्ही-४ स्तनाखाली लावण्याचाच प्रघात आहे.

हृदयाचे टोक पाचव्या डाव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यरेषेच्या किंचित आत धडकते. धडक बाहेर किंवा खाली सरकली असेल तर हृदय वाढल्याची शंका घ्यावी. झडपांचे आवाज मात्र झडपांच्या नेमक्या जागेवर ऐकत नाहीत, रक्तप्रवाह ते जिकडे नेतो तिकडे ऐकतात: महाधमनीच्या झडपेचा उजव्या दुसऱ्या फटीत, फुप्फुसधमनीच्या झडपेचा डाव्या दुसऱ्या फटीत, त्रिदल झडपेचा उरोस्थीच्या खालच्या डाव्या कडेला, मिट्रल झडपेचा हृदयाच्या टोकावर.

उसाच्या ट्रॉलीला धडकून छातीत हवा कोंडली तर हेच बोट ती हवा काढायच्या सुईची जागा दाखवते. सुई बरगडीच्या वरच्या कडेवरूनच घालतात, कारण शिरा, धमनी आणि मज्जातंतू खालच्या कडेच्या आडोशाने जातात. हृदय थांबल्यावर दाब द्यायचा तो उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. टोकाच्या कूर्चेवर नाही.

रुग्ण पंढरपूरला किंवा सोलापूरला पाठवताना पहिल्या पट्टीबरोबर इलेक्ट्रोडच्या जागा पेनाने त्वचेवर आखून द्याव्यात. दुसरी पट्टी त्याच जागी काढली तरच दोन्हींची तुलना करता येते.