९९९९ खेळांची कॅसेट

१९९२ सालच्या दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या चाळीत व्हिडिओ गेमचे आगमन झाले. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांना बोनस मिळाला होता. त्या भरात त्यांनी मुंबईच्या मनीष मार्केटातून ते यंत्र आणले आणि आठवडाभर काकूंची बोलणी खाल्ली. यंत्रावर नाव कुठलेसे भलतेच होते. आत मात्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राची सहीसही नक्कल होती, हे मला फार पुढे कळले. आम्हां पोरांचे लक्ष यंत्राकडे नव्हतेच. ते होते सोबतच्या पिवळ्या कॅसेटकडे. तिच्यावर ठळक अक्षरांत छापले होते, '९९९९ इन १'.

नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! आम्ही वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. रोज एक नवा खेळ खेळला तरी सत्तावीस वर्षे पुरतील. म्हणजे लग्ने होतील, मुले होतील आणि तरी कॅसेट संपायची नाही. तिसऱ्या दिवशी फराळाचे डबे तळाला गेले आणि कॅसेटचाही तळ लागला. पहिले पंचवीस-तीस खेळ संपले की तेच खेळ नाव बदलून पुन्हा हजर. कुठे मारिओ दुसऱ्या टप्प्यापासून धावे, कुठे बंदूकवाल्याला चार प्राण जास्त मिळत, एवढाच काय तो फरक. पुढच्या साऱ्या आयुष्यात निवडणुकांचे जाहीरनामे आणि गृहसंकुलांच्या जाहिराती मी ज्या शांतपणे वाचत आलो आहे, त्याचे श्रेय या कॅसेटला दिले पाहिजे.

मराठीचा प्राध्यापक आणि व्हिडिओ गेम यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो थोडा लाजिरवाणा आहे. एका फसलेल्या खेळाच्या पापात माझाही वाटा आहे. पण त्या गोष्टीकडे यायच्या आधी थोरामोठ्यांच्या फजितीचा फराळ करून घेऊ, म्हणजे माझा वाटा त्यात लहान दिसेल.

या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली फजिती अमेरिकेतल्या अटारी कंपनीची. १९८२ साली स्पीलबर्गच्या 'ई. टी.' या चित्रपटाने जगाला वेड लावले, आणि त्यावरचा खेळ त्याच नाताळात दुकानात हवा असे कंपनीने ठरवले. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या हुशार तरुणाच्या वाट्याला जेमतेम पाच आठवडे आले. तेवढ्यात त्याने एकट्याने खेळ उभा केला, हेच खरे म्हणजे नवल. पण खेळात त्या बिचाऱ्या परग्रहवासीयाने खड्ड्यात पडावे, मान लांब करून वर यावे आणि पुन्हा पडावे, असा प्रकार झाला. (आमच्या स्टेशनाजवळच्या रस्त्यावर हा खेळ पावसाळाभर फुकट चालतो.) लाखो कॅसेटी खपल्या, पण त्याहून कितीतरी जास्त पडून राहिल्या. १९८३च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत अटारीने आपला न खपलेला माल पुरला. लोक ही दंतकथाच समजत. शेवटी २०१४च्या एप्रिलमध्ये ती जागा खणली, तेव्हा कॅसेटी खरोखरच बाहेर आल्या. वॉर्शॉ पुढे मानसोपचार करू लागला. कचऱ्यात पुरलेले वर काढण्याचा धंदा त्याला जवळचा वाटला असावा.

पाच आठवड्यांत वेळ कमी पडला, हे कोणालाही समजेल. पण वेळ असूनही खेळ कसा हरतो ते पाहायचे, तर २०१६ साली इंग्लंडातल्या गिल्डफर्डच्या छोट्याशा चमूने काढलेला 'नो मॅन्स स्काय' पाहावा. त्यांनी ग्रह देऊ केले. किती? तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. हा आकडा वाचून मला एकदम ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले. राजाकडे बुद्धिबळाच्या पटावरचे गहू मागणाऱ्या त्या चतुर माणसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे करीत चौसष्ट घरे भरायची. त्या दाण्यांची बेरीज या ग्रहांहून फक्त एकाने कमी आहे! म्हणजे इथेही तीच कॅसेट, फक्त पट मोठा. लोक एका ग्रहावर उतरले, दुसऱ्यावर उतरले, दहाव्या ग्रहापर्यंत त्यांना जांभया येऊ लागल्या. दुसरा खेळाडू भेटेल या आशेने गेलेल्यांना कोणी भेटले नाही. पैसे परत मागणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या मंडळींचे कौतुक हे, की ती पळून गेली नाहीत. कमी बोलून वर्षानुवर्षे फुकट सुधारणा देत राहिली. २०१८ साली माणसे खऱ्या अर्थाने एकमेकांना भेटू लागली, आणि शिव्या देणारेच पुढे वाहवा करू लागले. राजाला दाणे देता आले नव्हते. यांनी हप्त्याहप्त्याने का होईना दिले.

आता आपल्याकडे येऊ. २०१९ साली ठाण्याहून डोंबिवलीला परतताना माझ्या समोरच्या बाकावर चार मुले रोज ठरलेली असत. चौघांच्या माना खाली, हातात मोबाइल आणि तोंडात पबजीची युद्धभाषा. फास्ट लोकल तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जात असे. बोगदा आला की नेटवर्क जाई आणि चौघेही हुतात्मे होत. बोगद्याच्या अंधारात त्या चार मुखांतून जी मराठी बाहेर पडे, तिच्यावर एखादा प्रबंध सहज होईल. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांत अक्षयकुमारने 'फौजी' या भारतीय खेळाची घोषणा केली. करणारी कंपनी बंगळूरची. मागे विशाल गोंडल, म्हणजे ज्यांनी १९९९ साली मुंबईत इंडियागेम्स सुरू केली ते गृहस्थ. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के भाग 'भारत के वीर' निधीला जाणार होता. लाखो लोकांनी आगाऊ नावे नोंदवली. २६ जानेवारी २०२१ला खेळ आला. त्यात गलवान खोऱ्याची एक गोष्ट आणि हातघाईची मारामारी होती. शंभर जण एका बेटावर उतरून एकमेकांना हुडकतात, तसे काही नव्हते. लोकांनी एक तारा देऊन राग काढला.

इथे मला त्या खेळाची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. गलवानमध्ये जून २०२० साली बंदुका चालल्याच नव्हत्या. तेव्हा बंदूक नाही ही तक्रार इतिहासाविरुद्ध होते. दोष आहे तो घोषणेच्या मुहूर्ताचा. पबजीच्या पाटावर फौजीला बसवले आणि पंगतीला वाटले, पान पबजीचेच येणार. मुलांना देशप्रेम नको होते असे नाही. त्यांना देशप्रेमासह खेळही हवा होता, आणि खेळ म्हणजे बोटांना मिळणारे काम. ते काम दहा मिनिटांत कंटाळवाणे झाले, तर झेंड्याने ते रंजक होत नाही.

याउलट पुण्याचा 'राजी'. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी २०१७ साली लोकवर्गणीसाठी हात पसरला. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी खेळ सोडला नाही आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये तो निन्टेन्डोच्या यंत्रावर आणला. डोंबाऱ्याच्या खेळातली ती मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. मुलीच्या यंत्रावर मी हा खेळ पाहिला आणि पाहतच राहिलो. भिंतीजवळ गेले की भित्तिचित्रे उजळतात, दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत कथा सांगतात, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये उत्तम पदार्पणाच्या पाच खेळांत त्याचे नाव होते, हे उगाच नव्हे.

आणि तरीही तो अपुरा आहे. चार-पाच तासांत आटोपतो, लढाया पुढेपुढे एकाच चालीने जातात, आणि शेवट असा येतो की कीर्तनकाराने उत्तररंग ऐन रंगात आणून एकदम अबीरबुक्का लावायला घ्यावा. माझी मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा, एवढंच?" तिच्या त्या 'एवढंच'मध्ये राग नव्हता, भूक होती. मला वाटते, फसलेले खेळ आणि अपुरे खेळ यांत हाच भेद आहे. कॅसेटने आम्हांला फसवले होते; राजीने आम्हांला अर्ध्या पोटी उठवले.

आता माझे पाप.

माझा एक जुना विद्यार्थी, राहणारा कल्याणचा, बी. ए.नंतर संगणकाकडे वळला आणि २०१८ साली ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीत खेळ करू लागला. एका रविवारी तो पेढे घेऊन आला. "सर, दुर्गाडीवर खेळ करतोय." १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजीमहाराजांनी कल्याणच्या खाडीकाठी गलबते बांधायला घेतली, हे आपण शाळेत वाचतो आणि शिळफाट्याच्या गर्दीत विसरतो. याच्या खेळात खेळाडू म्हणजे त्या गोदीतला सुताराचा पोर. लाकूड निवडायचे, फळी बसवायची, सांधे बुजवायचे, आणि भरतीच्या आत गलबत पाण्यात लोटायचे. फळी चुकली तर पाणी आत. एवढाच खेळ. त्याने लॅपटॉपवर कच्चा नमुना दाखवला. एक फळी, एक पोर आणि चढणारे पाणी. माझ्यासारख्या अडाण्यालाही अर्धा तास उठवेना.

त्याने माझ्याकडे संवाद मागितले. वीस वर्षे व्याख्याने देणाऱ्याकडे संवाद मागणे म्हणजे उंदराला मोदकांची राखण सांगणे. मी चाळीस पाने लिहिली. सुतार बोलतो, तांडेल बोलतो, आगरी आजी बोलते, पोर्तुगीज कारागीर मोडक्या मराठीत बोलतो. जहाजे बांधणारे पोर्तुगीज काम टाकून निघून गेले, तो प्रसंग मी इतका रंगवला की स्वतःच डोळे पुसले. त्याने भिडेखातर सगळे घेतले. प्रत्येक संवादाला चित्र लागते, आवाज लागतो, आणि त्या दोघांना पैसा लागतो, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. पैसे घालणाऱ्या गृहस्थांना तर गलबतात रसच नव्हता. त्यांचे म्हणणे, तलवार कुठे आहे? तलवार आली. घोडा आला. मग सुताराचा पोर तलवार घेऊन धावू लागला आणि फळ्या मागे पडल्या. मुख्य प्रोग्रामर मध्येच बंगळूरला गेला. माझे पोर्तुगीज जाण्याआधीच तो गेला. जाहिरातीतली चित्रफीत तेवढी सुरेख झाली. तिच्यातली भव्य वाक्ये माझीच होती.

खेळ २०२१ साली मोबाइलवर आला आणि काही महिन्यांत मावळला. विद्यार्थ्याने वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे त्यात घातले होते. ही गोष्ट मला त्याच्या आईकडून कळली, त्याने सांगितली नाही. आई रागावली नव्हती. "सर, तुमचे संवाद छान होते हो," एवढेच म्हणाली. त्याने जे लागायचे ते लागले.

संवाद किती छान होते, ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. लोकलमध्ये एक मुलगा तोच खेळ खेळत होता. मी मुद्दाम त्याच्या मागे उभा राहिलो. तांडेल बोलू लागला, मुलाने बोट दाबले, तांडेल गप्प. आजी बोलू लागली, बोट दाबले, आजी गप्प. ठाणे ते दिवा या अंतरात माझ्या अकरा पानांचा निकाल लागला. त्या पोराला दोष कसा देऊ? तो खेळायला आला होता. मीच त्याला वर्गात बसवायला निघालो होतो.

दोन वर्षे माझ्या विद्यार्थ्याने खेळाचे नाव काढले नाही. दुसऱ्यांच्या बँकांची ॲप्स करून त्याने वडिलांचे बरेचसे पैसे फेडले. या वर्षी गणपतीत तो आरतीला आला तेव्हा पिशवीत तोच जुना लॅपटॉप होता. पहिला कच्चा नमुना त्याने जपून ठेवला होता. तलवार नाही, घोडा नाही, माझा एक शब्द नाही. माझ्या मुलीने तो हातात घेतला. प्रसादाला तीन हाका मारल्या तरी ती उठली नाही. तिसऱ्यांदा गलबत बुडल्यावर तिने मान वर करून विचारले, "भरतीला किती वेळ राहिला हे कसं कळतं?" तो म्हणाला, "किनाऱ्याचे दगड बघ. बुडायला लागले की घाई कर."

जाताना तो दारात घुटमळला. "सर, या वेळी संवाद नकोत. फक्त भागांची नावं हवीत. फळीवर बोट ठेवलं की तिचं नाव दिसेल, बस."

ती यादी सध्या करतो आहे. नाळ, सुकाणू, डोलकाठी, परबाण, शीड, वल्हे इथवर शब्दकोशाने साथ दिली. पुढच्यासाठी गेल्या रविवारी रेतीबंदरावर एका म्हाताऱ्या नाखव्याकडे गेलो होतो. त्यांनी माझ्या यादीतली दोन नावे खोडली आणि पाच नवी सांगितली. सव्वीस झाली आहेत.