'वॉल-ई' आणि कचऱ्याची जात

'वॉल-ई' हा २००८ सालचा अमेरिकन ॲनिमेशनपट मुलांसाठी असला तरी त्यातला इशारा मोठ्यांनाही आहे. एका बड्या कंपनीने लोकांना खरेदीची चटक लावली. पृथ्वी कचऱ्याने भरली, तेव्हा माणसे यानात बसून निघून गेली. मागे उरलेले एक यंत्र सातशे वर्षांनंतरही कचऱ्याचे ठोकळे रचते आहे. यानातली माणसे मात्र खुर्चीत लोळून चालणेही विसरली आहेत.

कचरा करणारा एक आणि उपसणारा दुसरा, ही वाटणी चित्रपटाने भविष्यात दाखवली. आपल्याकडे ती जातीने केव्हाच करून ठेवली आहे. इथे उपसणारे यंत्र नसते. बहुधा दलित स्त्री असते. पुण्यात १९९३ साली अशा स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. २००८ सालीच त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. वेचणारी ही कामगार आहे, हे त्यांनी संघटनेच्या बळावर मान्य करायला लावले.

कोल्हापुरातल्या शिक्षकांनी हा चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. त्यानंतर मुलांना विचारावे : आपल्या गल्लीतला कचरा कोण उचलते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच का? पृथ्वी वाचवायची तर ही वाटणीही मोडावी लागेल.