मंडल, मंडळ आणि बेचिराख : विरळ वस्तीच्या एका जिल्ह्याचे शब्द

चूक माझीच होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. केरामेरीकडचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी एक दाखला घेऊन माझ्याकडे आला. दाखला तेलुगूत होता आणि महाराष्ट्रातल्या एका कचेरीत द्यायचा म्हणून त्याला मराठी भाषांतर हवे होते. ‘मंडल : केरामेरी’ या ओळीपुढे मी हात न थांबवता ‘मंडळ : केरामेरी’ असे लिहिले. पंधरा दिवसांनी कागद परत आला. ‘मंडळ कळले, तालुका कोणता?’ असा शेरा त्यावर होता. मुलाचे दोनदा जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी त्या एका ‘ळ’पायी गेली.

महाराष्ट्रात महसुली मंडळ हा तालुक्याच्या पोटातला भाग असतो. काही तलाठी सजे मिळून एक मंडळ होते आणि त्यावर मंडळ अधिकारी असतो. तेलंगणातला मंडल मात्र स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याला स्वतःचा तहसीलदार आहे, स्वतःची मंडल परिषद आहे आणि तो थेट जिल्ह्याला जोडलेला आहे. 1985 मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने तालुके मोडून हे मंडल केले. कचेरी लोकांच्या जवळ यावी हा त्यामागचा हेतू. मग मंडलाला ‘तालुका’ म्हणावे, तर तेही फसवे ठरते. कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 4878 चौरस किलोमीटर आणि मंडल 15. म्हणजे सरासरी एक मंडल सव्वातीनशे चौरस किलोमीटरचा. शेजारच्या गडचिरोलीत 14412 चौरस किलोमीटरमध्ये तालुके 12, म्हणजे एकेक तालुका बाराशे चौरस किलोमीटरचा. हैदराबादच्या वाचकाला हे मोजमाप आणखी सोपे करून सांगता येईल. आपला सगळा हैदराबाद जिल्हा 217 चौरस किलोमीटरचा आहे. 2011 च्या जनगणनेत इथे चौरस किलोमीटरला 18172 माणसे मोजली गेली. आसिफाबादच्या भागात हाच आकडा 106 आहे. तिकडचा एक सरासरी मंडल आपल्या अख्ख्या जिल्ह्यापेक्षा मोठा आणि त्यात माणसे जेमतेम चौतीस हजार.

वस्ती विरळ असली की कारभाराचे शब्दही वेगळे लागतात. कागदावर ‘मौजा’ असतो, पण माणूस मौजात राहत नाही. तो गुड्यात राहतो, पोडावर राहतो, तांड्यावर राहतो. गोंडांचा गुडा, कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा. एका मौजाच्या शिवारात असे तीन-चार ठिपके, मध्ये टेकडी किंवा ओढा, आणि पंचायतीची कचेरी त्यांतल्या एकातच. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पंचायत कायद्याने म्हणूनच गावाची व्याख्या वस्ती, वाडी किंवा वाड्यांचा समूह अशी केली आणि ग्रामसभा त्या पातळीवर आणली. तेलंगणाच्या 2018 च्या पंचायत राज कायद्याने तांडे आणि गुडे यांच्या स्वतंत्र ग्रामपंचायती केल्या. राज्यात अशा आणि इतर मिळून चार हजारांहून अधिक ग्रामपंचायती नव्याने झाल्या. ‘आमचा तांडा आता पंचायत झाला’ हे वाक्य मी सरपंचाच्या तोंडून ऐकण्याआधी वर्गात एका मुलीच्या तोंडून ऐकले. तिच्या वडिलांना रेशनच्या चौकशीसाठी आता ओढा ओलांडावा लागत नव्हता.

या जिल्ह्याच्या दप्तरातला माझ्या मते सर्वांत बोलका शब्द ‘बेचिराख’. आज आपण तो ‘जळून राख झालेले’ या अर्थाने वापरतो. युद्धात शहर बेचिराख होते. मुळात तो फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महसुली भाषेत बेचिराख गाव म्हणजे नकाशावर हद्द आहे, क्रमांक आहे, शेतेही आहेत, पण राहते घर नाही असे गाव. तिथे आग लागलेली असायची गरज नाही. साथ आली, पाणी आटले, जंगल खात्याने हद्द आखली किंवा जमीन सावकाराकडे गेली, आणि माणसे उठून गेली. मराठी कानाला ‘चिराग’ परका वाटला, ‘राख’ ओळखीची वाटली आणि अर्थ सरकला. जुने कागद वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर त्याला प्रत्येक ओस गावामागे एक जाळपोळ दिसू लागेल.

उलट काही मराठी शब्द तेलुगू दप्तरात इतके मुरले आहेत की त्यांचे घर कोणते हेच लोक विसरले. तेलंगणातला शेतकरी ज्या उताऱ्यासाठी कचेरीत खेटे घालतो तो ‘पहाणी’ म्हणजे आपली पाहणी. ‘सेतवार’ म्हणजे शेतवार. गायरान, शिवार, गुंठा, जमाबंदी हेही तिथे रोजचे. जमिनीचा वाद निघाला की आजही 1954-55 चा खासरा पहाणी मागवतात. निजामी राज्यात वरचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चाले, पण गावचे दप्तर पटवाऱ्याच्या हाती असे आणि तो आपल्या ओळखीचे शब्द लिहीत असे. त्याच काळातला ‘अव्वल तालुकदार’ही असाच चकवतो. नावावरून तो तालुक्याचा माणूस वाटतो, पण तो असे जिल्ह्याचा मुख्य, आजचा कलेक्टर. तालुक्यावर असे तहसीलदार. अवधमधला तालुकदार तर जमीनदार. इतिहासाच्या वर्गात या तिघांची सरमिसळ झालेली मी नेहमी पाहतो.

मराठी तिथे केवळ कागदापुरती नव्हती. राजगोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांची घरची भाषा मराठी. ते गोंडांपुढे गोंडीत गातात आणि घरी येऊन मराठीत बोलतात. आंध जमातही मराठी बोलणारी. 1940 मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले, त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात धाडले. मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके निघाली ती देवनागरीत, कारण त्या वेळी तिथल्या गोंडांच्या ओळखीची लिपी तीच होती. आपले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादच्या नोकरीत ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. इतिहासकार पगडी सर्वांना ठाऊक असतात. फिर्याद सांगणाऱ्याची भाषा अधिकाऱ्याला यावी म्हणून व्याकरण लिहिणारे पगडी मला जास्त जवळचे वाटतात.

केसलापूरच्या नागोबा जत्रेतला दरबारही हायमेनडॉर्फ यांच्याच काळातला. पौष अमावास्येला मेस्राम कुळाची पूजा होते, चारी दिशांनी गोंड जमतात आणि अधिकारी तिथे येऊन गाऱ्हाणी ऐकतात. वस्ती विखुरलेली असेल तर कचेरीने वर्षातून एकदा तरी चालत जायचे, एवढाच त्यामागचा व्यवहार.

1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले, तर नांदेडचा मुधोळ आदिलाबादेत आला. राजुरा आधी नांदेडला आणि 1959 मध्ये चांद्याला जोडला गेला. पुढे राजुऱ्यातूनच जिवती तालुका निघाला. जिवती आणि केरामेरी यांच्यामधल्या डोंगरातली परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी चौदा गावे मात्र दोन्ही राज्ये आपली म्हणतात. तिथे दोन सरपंच, दोन शाळा, दोन रेशनकार्डे. महाराजगुड्यातल्या एका घरातून तर हद्दच गेली आहे. बातम्यांत याची गंमत केली जाते. पण पोराला मराठी शाळेत घालायचे की तेलुगू, हे ठरवताना तिथला बाप भाषेचा विचार करत नाही. पुढे जातीचा दाखला कोणत्या कचेरीतून लवकर मिळेल आणि जमिनीचा पट्टा कोण देईल, हे तो पाहतो. 2016 च्या 11 ऑक्टोबरला आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि तिथल्या माणसाला जिल्ह्याचे ठाणे जवळ आले. हद्दीची रेघ होती तिथेच राहिली.

त्या विद्यार्थ्याचा दाखला मी दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा ‘मंडल’ हा शब्द तसाच ठेवला, ‘ळ’ न करता, आणि पुढे कंसात लिहिले : तेलंगणातील तहसील कचेरीचे क्षेत्र. या वेळी कागद परत आला नाही. तेव्हापासून भाषांतराच्या वर्गात मी पहिल्या तासाला फळ्यावर तीन शब्द लिहितो : तालुका, मंडल, मंडळ. आणि प्रत्येकासमोर त्याचे क्षेत्रफळ मांडायला सांगतो.