बतावणीची रात्र

बतावणी हा तमाशातला निखळ हसण्याचा भाग. गण झाला, गवळण आटोपली आणि वग, म्हणजे तमाशातले कथानाट्य, अजून उभा राहायचा आहे, अशा मधल्या वेळात सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येतात आणि बोलत सुटतात. या बोलण्याला कथानक नसते आणि तात्पर्य तर नसतेच.  दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाचा शीण घालवणे एवढेच त्याचे काम. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या नेमाने झाले. तमाशाच्या इतिहासातली बरीच मोठी नावेही याच दोन जिल्ह्यांतली आहेत.

तमाशाचा हंगाम शेतीच्या कामांशी बांधलेला असतो. दसऱ्याला फड बाहेर पडतात. थंडीत पाल, पुसेगाव अशा गावांच्या मोठ्या यात्रा लागतात. खरी धावपळ मात्र चैत्र-वैशाखात. रब्बीची सुगी उरकलेली असते, हातात चार पैसे असतात, पुढच्या पेरणीला अवकाश असतो आणि गावोगावच्या यात्रा याच दिवसांत येतात. यात्रा कमिटी फडमालकाला सुपारी देते. पालखी-छबिना, कुस्त्यांचे मैदान आणि रात्री तमाशा हा यात्रेचा ठरलेला क्रम. बऱ्याच गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची ‘हजेरी’ होते. रात्रभर जागलेला गडी तोंडावर पाणी मारून पुन्हा समोर येऊन बसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते.

तमाशाला सुरुवात होते ती वाद्यांनी. ढोलकी आणि हलगी एकमेकींना डिवचत वाजू लागतात, मागे तुणतुणे आणि झांज धरलेले झीलकरी उभे असतात. गणपतीला वंदन करणारा गण होतो आणि गवळण सुरू होते. गवळणीचे सूत्र साधे आहे. गौळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाट अडवतात. सगळी गंमत मात्र मावशीची. डोक्यावरून पदर घेतलेला पुरुषच ही मावशी करतो. ती गौळणींची म्होरकी असते, पण सगळ्यांत आधी घाबरते तीच आणि सगळ्यांत जास्त बोलतेही तीच. देवाशी ती शेजारच्या पोराशी बोलावे तशी बोलते. कृष्णाला दरडावणारी मावशी पाहताना भक्तीला कुठे धक्का लागला असे प्रेक्षकाला वाटत नाही.

त्यानंतर बतावणी. सरदार नीटनेटका, फेटा बांधलेला आणि शुद्ध बोलणारा असतो, सोंगाड्या त्याच्या अगदी उलट. सरदाराने विचारायचे आणि सोंगाड्याने प्रश्नाचा भलताच अर्थ घ्यायचा, हा त्यातला मूळ डाव. नमुन्यादाखल असा एक प्रसंग कल्पिता येईल. सोंगाड्या शिपाई झाला आहे.

‘चोर सापडला का?’
‘सापडला जी.’
‘मग कुठाय?’
‘तंबाखू आणतो म्हणून गेलाय.’
‘आणि तू सोडलास त्याला?’
‘न्हाई जी, चुना माझ्याकडंच हाय. जातोय कुठं?’

कागदावर एवढेच दिसते. मांडवात ते पाच मिनिटे चालते, कारण सोंगाड्या प्रत्येक उत्तराआधी थांबतो, प्रेक्षकाकडे बघतो, डोके खाजवतो आणि हशा ओसरायच्या आत पुढची ओळ टाकतो. संहिता लिहिलेली नसते. आराखडा ठरलेला आणि शब्द त्या रात्रीचे. चांगला सोंगाड्या दुपारीच गावात फेरी मारून येतो. सरपंच कोण, विहिरीचे पाणी कुणाच्या शेताला जाते, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडले, हे त्याला रात्रीपर्यंत ठाऊक झालेले असते. तेवढ्या माहितीवर दहा वर्षे जुना विनोद त्या गावापुरता ताजा होतो.

या कलेचा कळस सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी गाठला. खरी नावे लहू आणि अंकुश संभाजी खाडे, दोघे जुळे भाऊ. तमाशा त्यांच्या घरातच होता. आधीच्या पिढीत शिवा-संभा कवलापूरकर हा फड गाजत होता, त्यातले संभा हे त्यांचे वडील. ‘जहरी प्याला’ या वगात या भावांनी काळू आणि बाळू अशा दोन हवालदारांची कामे केली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की लहू-अंकुश ही नावे मागे पडली. पुढे फडालाही काळू-बाळूंचेच नाव लागले.

या जोडीत सरदार-सोंगाड्याचा जुना साचा थोडा बदलला. एक शहाणा आणि एक खुळा असा हिशोब राहिला नाही, दोघेही खुळे. शिवाय दोघे दिसायला सारखे, त्यामुळे घोटाळा तोंड उघडण्याआधीच सुरू होतो. अंगावर पोलिसाचा पोशाख असूनही त्यांना कोणी भीत नाही. पोलीस दारात आला की ज्याच्या पोटात गोळा येत असे, त्या माणसाला हा हवालदार पाहून किती मोकळे वाटत असेल याची कल्पना करता येते. एरवी ‘जहरी प्याला’ ही दुष्टाव्याची, कारस्थानाची गंभीर गोष्ट. लोक मात्र ती पाहायला जात ती दोन हवालदारांसाठी.

मालकाला खुळ्यात काढणारा नोकर जगभर आढळतो. जपानमध्ये नोह या गंभीर नाटकांच्या मध्ये क्योगेन नावाची छोटी प्रहसने करतात. त्यातले ‘बुसु’ प्रसिद्ध आहे. बाहेर जाताना मालक साखरेच्या भांड्याला विष म्हणतो आणि लांब राहायला सांगतो. नोकर ती साखर फस्त करतात. नंतर मालकाचे किमती चित्र फाडतात, वाडगा फोडतात आणि तो परतल्यावर रडत सांगतात, नुकसान केल्याच्या शरमेने आम्ही विष खाल्ले, तरी मरण येईना. सरदाराच्या जागी मालक आणि सोंगाड्याच्या जागी तारो काजा हा नोकर, एवढाच फरक.   

सातारा-सांगलीकडे परत यायचे तर वगापासून सुरुवात करावी लागते. पहिला वग म्हणून ज्याचे नाव घेतात तो ‘मोहना-बटाव’ १८६५ च्या सुमाराचा. तो रचणारे उमा-बाबू तासगाव तालुक्यातल्या सावळजचे. त्याच काळात, १८६६ मध्ये, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष इथे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. कुलकर्णीपण आणि सोवळे सोडून ते फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कीर्ती लावणीची आहे, विनोदाची नाही, म्हणून इथे एवढा उल्लेख पुरे.

याच मुलखात १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि सांगली नाट्यपंढरी झाली. शेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ लिहून शहरी प्रेक्षकाला खदखदून हसवले. नाटक राजवाड्यातून निघून थिएटरात गेले, तमाशा वेशीबाहेरच्या वस्तीतून निघून यात्रेच्या माळावर. फडांतले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी या जातींतले. रात्री त्यांच्या विनोदाला टाळ्या देणारे गाव सकाळी त्यांना पाणी वरून ओतत असे. बतावणीतल्या पाटलाची, सावकाराची आणि भटाची टिंगल या पार्श्वभूमीवर ऐकली म्हणजे तिची धार कळते.

ही धार अण्णा भाऊ साठे यांनी ओळखली. याच पट्ट्यातल्या वाटेगावचा त्यांचा जन्म, १९२० चा. नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात ते तरुणपणी वावरले होते. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ यांत सोंगाड्याची उलटी अक्कल सावकाराचा आणि शेटजीचा हिशोब उघडा पाडते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली, तेव्हा अण्णा भाऊंनी लोकनाट्य हे नाव पुढे केले. बंदी अश्लीलतेच्या नावाने होती. सत्ताधाऱ्यांना टोचणारे विनोद त्याच फटक्यात बंद झाले, हा योगायोग म्हणणे जड जाते.

साताऱ्याच्या बाजूने वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी तोच साचा मुक्तनाट्यात नेला. ‘यमराज्यात एक रात्र’ मध्ये माणूस थेट यमाच्या दरबारात जाऊन हुज्जत घालतो. पुढे वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ मधून दादा कोंडके शहरातल्या प्रेक्षकापर्यंत पोचले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाने सोंगाड्याचे पात्र घराघरांत गेले. त्यातला भोळा नाम्या बतावणीतून उचललेला आहे. फरक इतकाच की चित्रपटातला विनोद प्रत्येक गावी सारखा असतो.

गावाकडचा हा प्रेक्षक मुंबईतही होता. सातारा-सांगलीची हजारो माणसे गिरणगावात खोलीत दाटीवाटीने राहून पाळ्या करत. पाळी सुटली की लालबागच्या हनुमान थिएटरात तिकीट काढायचे आणि ओळखीच्या बोलीतला विनोद ऐकायचा. गाव दूर असले तरी मावशी आणि सोंगाड्या दोन स्टेशनांवर. सोंगाड्याही तिथे मुकादमाची आणि खानावळवालीची नक्कल करू लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि हा प्रेक्षक पांगला.

यात्रांमधला प्रेक्षकही बदलला. आता पहिल्या तासाभरात चित्रपटगीतांवरचे नाच मागितले जातात. पोलिसांच्या वेळेच्या बंधनामुळे रात्र आखडली की कात्री लागते ती गवळणीला आणि बतावणीला. वगाचे तर काही ठिकाणी नावच राहते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत यात्रा झाल्या नाहीत, सुपाऱ्या बुडाल्या आणि फडमालक कर्जात अडकले. दुसरीकडे जुन्या वगांची ध्वनिमुद्रणे कॅसेटवरून मोबाईलवर आली आहेत. ती ऐकताना एक गोष्ट जाणवते. हसणारा प्रेक्षकही त्या ध्वनिमुद्रणाचाच भाग असतो. सोंगाड्या ज्या ठिकाणी थांबला, तिथे मांडव हसतो आणि ते हसू वगळले तर बाकीचे बोलणे निम्मेच उरते.

सध्या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या वाहिन्यांनी साडी नेसलेला पुरुष, दोघांची जुगलबंदी आणि समोरच्या पाहुण्याची थट्टा हे सगळे तमाशातून घेतले आहे. एक गोष्ट त्यांना घेता आलेली नाही, ती म्हणजे दुपारची गावफेरी. स्टुडिओतल्या लेखकाला प्रेक्षकाच्या गावची विहीर माहीत नसते, म्हणून तो चित्रपटांची आणि नटांची नक्कल करतो. फडातला सोंगाड्या मात्र ज्या गावात उतरला असेल त्या गावातल्या सोसायटीच्या चेअरमनला अजूनही नाव न घेता चिमटा काढतो, आणि पुढच्या रांगेत बसलेला तो चेअरमन सगळ्यांत आधी हसतो, कारण न हसणे त्याला परवडत नाही.